रुप्याच्या डॉलरवरील गंज

गंज हा लोखंडाचा रोग आहे. तो सोन्याला शिवत नाहीं आणि रुप्यालाहि शिवत नाहीं. रुपें काळें पडतें, मळतें, त्यांत मिसळलेल्या तांब्याला हिरवा कळंक चढतो. पण विळ्याकोयत्यांना चढतो तसा तांबूस गंज रुप्याला चढल्याचें कोणीं पाहिलेलें नाहीं. असें असतां जुने अमेरिकन डॉलर जमविणारे चार संग्राहक एकत्र बसले, कीं ‘ह्या डॉलरवर गंज आहे’ हें वाक्य हमखास कानीं पडतें. नवख्या माणसास ह्याचें नवल वाटतें. वस्तुतः त्या बोलण्यांतला गंज नाण्याचा नसतोच. ज्या पोलादी ठशानें तें नाणें पाडलें, त्या ठशाचा तो गंज असतो. ठसा शंभर वर्षांपूर्वींच मोडींत निघालेला असतो. त्याच्या दुखण्याची खूण तेवढी रुप्यावर राहिलेली असते.

नाण्याच्या अंगावर दिसणारा प्रत्येक डाग, फोड किंवा खळगा ह्या दृष्टीनें दोहोंपैकीं एका जातीचा असतो. एक जन्माबरोबर आलेला, दुसरा जन्मानंतर जडलेला. पहिल्यानें नाण्याची किंमत सहसा घटत नाहीं. कित्येकदां त्यामुळें त्याची जात पटते. दुसऱ्यानें मात्र ती निम्म्यानें उतरते. तेव्हां विकणारा दुसऱ्या जातीच्या व्रणाला पहिल्या जातीचें नांव देऊं पाहतो, ह्यांत आश्चर्य नाहीं. ‘हा ठशाचा गंज आहे, नाण्याचा दोष नव्हे’ हें सराफी पेढीवरचें ठरलेलें समर्थन आहे. तें खरें कधीं आणि खोटें कधीं, हें ओळखतां आलें पाहिजे.

त्यासाठीं डॉलर कसा पाडला जात असे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. इंग्लंडहून अमेरिकेस गेलेला जॉर्ज मॉर्गन हा कुशल खोदकाम करणारा. त्याच्या आराखड्याप्रमाणें १८७८ सालीं जो डॉलर निघाला, तो पुढें त्याच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. त्याचें वजन ४१२.५ ग्रेन, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडें अधिक. त्यांत नऊ भाग रुपें व एक भाग तांबें. एका अंगास स्वातंत्र्यदेवतेचें मुख, दुसऱ्या अंगास पंख पसरलेला गरुड. ह्या डॉलराचे सर्व ठसे फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत तयार होत आणि तेथून न्यू ऑर्लिअन्स, कार्सन सिटी व सॅन फ्रॅन्सिस्को येथील टांकसाळींकडे रवाना होत. ठशाचें पोलाद आधीं मऊ करीत, त्यांत मूळ आकृति दाबून उमटवीत, मग तो ठसा लाल तापवून थंड करीत. लोहारांच्या भाषेंत त्याला पाणी पाजीत. पाण्यानें पोलादाला जी कठिणता येते तिच्याच जोरावर ठसा लक्षावधि चकत्या दाबून काढतो. आणि पुढें त्याच पाण्याचा अंश हवेंतून त्याच्या तोंडावर बसला, कीं तेंच त्याचा नाश करतें. दोन वर्षांच्या कामांमधील रिकाम्या काळांत ठसा कपाटांत पडून राहतो. त्यावर चरबीचा हात नीट फिरविलेला नसला, कोणाच्या घामट बोटाचा स्पर्श राहिला, किंवा टांकसाळ न्यू ऑर्लिअन्ससारख्या दमट बंदरांत असली, कीं पोलादाच्या चकचकीत तोंडावर तांबूस ठिपके येतात. ठिपक्याखालीं धातु खाल्ली जाते आणि तेथें सुईच्या टोंकाएवढे खळगे पडतात.

आतां हा ठसा पुन्हां कामाला लावला म्हणजे काय होतें? श्रोत्यांनीं घरांतला पेढ्याचा लांकडी साचा डोळ्यांपुढें आणावा. साच्याच्या आंत किडीनें एक भोंक पाडलें असेल, तर त्या साच्यांतून निघणाऱ्या प्रत्येक पेढ्यावर, त्याच जागीं, तेवढाच एक उंचवटा येईल. ह्याच्या उलट पेढा तयार झाल्यावर कोणा मुलानें त्याला नख लावलें, तर तेथें खळगा पडेल, आणि तो त्या एकाच पेढ्यावर पडेल. सारें शास्त्र एवढेंच आहे. ठशांतील खळगा नाण्यावर उंचवटा होऊन येतो. नाण्याला स्वतःला लागलेली कीड मात्र खळगाच करते. उंचवटे दिसले तर दोष ठशाचा, खळगे दिसले तर दोष नाण्याच्या पुढील आयुष्याचा.

गंजलेल्या ठशाचे उंचवटे एकाकी नसतात. रवाळ तुपावर जसे कण दिसतात, तसा त्यांचा लहानमोठा, वेडावांकडा समूह असतो. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर उंच रेघ उमटते, ठशाचा टवका उडाला असेल तर तेथें एकच ठळक गोळा येतो. ह्या दोहोंचा गंजाशीं गोंधळ होऊं नये. शिवाय उंचवटा नाण्याबरोबरच जन्मलेला असल्यामुळें नव्या डॉलरावर हालविलें असतां जी प्रभा चक्राकार फिरते, ती त्या पुटकुळ्यांवरूनहि अखंड सरकत जाते. खळग्यापाशीं ती तुटते. तेथें रुपें निस्तेज व खरबरीत दिसतें.

टांकसाळीचे कारागीर गंजलेला ठसा पाहून स्वस्थ बसत नसत. ते बारीक भुकटीनें त्याचें तोंड घासून काढीत. परंतु ठशावर नाण्याची मोकळी जागा ही सर्वांत वर असते आणि देवतेचें मुख खोल गेलेलें असतें. घासणारा हात वरच्या भागापर्यंतच पोंचतो. खोल भागांत तो जात नाहीं. म्हणून कित्येक डॉलरांवर असा प्रकार आढळतो, कीं मोकळी जागा आरशासारखी स्वच्छ आहे आणि देवतेच्या गालावर व मानेवर मात्र पुटकुळ्यांची दाटी झाली आहे. देवतेला देवी आल्या असें कोणी विनोदानें म्हणेल. ह्या घासण्याच्याहि खुणा राहतात. ठशावर पडलेले बारीक चरे नाण्यावर उंच रेघा होऊन येतात, आणि त्या मुखाच्या कडेपाशीं येऊन एकदम थांबतात. एखाद्या गृहस्थानें हौसेनें डॉलर राखेनें घासला असेल, तर ते ओरखडे खोल असतात व मोकळ्या जागेवरून थेट देवतेच्या गालावर चढून जातात. रेघ कोठें थांबते एवढें पाहिलें, तरी ठसा घासला होता कीं नाणें घासलें आहे, हें सांगतां येतें.

उंच कीं खोल हें पाहणें सोपें वाटतें, तितकें तें नाहीं. मनुष्याचा डोळा उजेड नेहमीं वरून येतो असें गृहीत धरतो. दिवा खालच्या बाजूस असला तर तोच खळगा त्याला टेंकडीसारखा भासतो आणि टेंकडी खळग्यासारखी. छायाचित्रावरून नाणें पारखणारे येथेंच फसतात, कारण छायाचित्रकाराचा दिवा कोठें होता, हें त्यांस ठाऊक नसतें. ह्यावर एक साधा उपाय आहे. नाण्यावरचें एखादें अक्षर, किंवा देवतेचें नाक, हें निश्चितपणें उंच आहे. त्याची सावली कोणत्या बाजूस पडली आहे तें आधीं पाहावें. संशयित ठिपक्याची सावली त्याच बाजूस पडली असेल तर तो उंचवटा. उलट बाजूस असेल तर खळगा. दहापट मोठें दाखविणारें भिंग आणि एका कुशीनें येणारा तिरपा उजेड एवढें साहित्य पुरे होतें. डोक्यावरच्या पसरट उजेडांत दोन्ही सारखेच दिसतात.

खळग्यांची कथा निराळी आहे, आणि बहुधा अधिक दुःखाची. रुप्याला हवेपेक्षां समुद्र अधिक बाधतो. खाऱ्या पाण्यांत व चिखलांत वर्षानुवर्षें राहिलेल्या नाण्यांतील तांबें आधीं निघून जातें, रुप्याचा पृष्ठभाग क्षार व गंधक ह्यांच्याशीं मिळून काळाकुट्ट होतो, आणि ती काळी साल काढली, कीं खालीं मधमाशांच्या पोळ्यासारखें अंग उघडें पडतें. ह्याचें प्रसिद्ध उदाहरण ‘एल् काझादोर’ ह्या स्पॅनिश जहाजाचें आहे. अमेरिकेनें स्वतःचे डॉलर पाडण्यापूर्वीं, आणि नंतरहि पुष्कळ वर्षें, तेथें मेक्सिकोंत पाडलेले स्पॅनिश डॉलरच चालत. कायद्यानें त्यांचें चलन १८५७ पर्यंत मान्य होतें. लुइझियाना प्रांत तेव्हां स्पेनकडे होता आणि तेथें कागदी चलनाची पत पार घसरली होती. ती सांवरण्यासाठीं १७८४ च्या जानेवारींत सुमारें साडेचार लक्ष रुपेरी नाणीं घेऊन हें जहाज व्हेराक्रूझहून न्यू ऑर्लिअन्सकडे निघालें, आणि मेक्सिकोच्या आखातांत नाहींसें झालें. त्याचा ठावठिकाणा दोनशें वर्षें लागला नाहीं. १९९३ सालीं मासे धरणाऱ्या एका बोटीचें जाळें तळाशीं अडकलें, आणि वर ओढून पाहतात तों त्यांत काळ्या नाण्यांचे गठ्ठे! त्या बोटीचें नांव ‘मिस्टेक’ होतें, हा योगायोगहि लक्षांत राहण्याजोगा आहे.

ह्या गठ्ठ्यांतील नाणीं पाहिलीं म्हणजे समुद्र कसा भेद करतो, तें कळतें. गठ्ठ्याच्या मध्यभागीं दाबून राहिलेल्या नाण्यांवर तिसऱ्या चार्ल्स राजाचें मुख व सालाचे आंकडे स्पष्ट वाचतां येतात. बाहेरच्या बाजूस जीं होतीं, त्यांना चाळणीचें रूप आलें आहे. सर्व एका जहाजांतील, एकत्रच बुडालेलीं. पण एकाचे खळगे दुसऱ्यावर नाहींत. प्रत्येकाचें भोग निराळे. नाण्याला लागलेली कीड ओळखण्याची हीच दुसरी खूण होय, कीं ती कधींच जशीच्या तशी दुसऱ्या नाण्यावर आढळत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट टोंकाला कार्सन सिटीचे डॉलर आहेत. त्यांतील लक्षावधि डॉलर एकदांहि बाजारांत न फिरतां पिशव्यांत बंद होऊन सरकारी खजिन्यांत पडून राहिले, आणि १९७२ ते १९८० ह्या काळांत अमेरिकन सरकारनें ते संग्राहकांना विकले. कोरड्या तळघरांतून निघालेल्या अशा डॉलराच्या मानेवर पुटकुळ्या दिसल्या, तर त्या मातीच्या किंवा समुद्राच्या असणें शक्यच नसतें. पिशवींत एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे तेवढे त्यांच्यावर असतात.

येथवर सांगितलेला नियम सरळ दिसला तरी त्याला अपवाद आहेत, आणि ते न सांगणें योग्य होणार नाहीं. ठशांत वंगण किंवा कचरा सांचला असतां नाणें पाडतांनाच त्यावर खोलगट, पुसट जागा राहते. हा खळगा असूनहि जन्मजात असतो. चकतीच्या धातूंतच हवा कोंडलेली असली तर नाण्यावर फोड येतो, तो उंच असूनहि ठशाचा नसतो. अनुभवी पारखी म्हणूनच एका ठिपक्यावरून निवाडा देत नाहीं.

गंजलेल्या ठशांनीं एकदां तर चक्क कालाचा विपर्यास केला. हें उदाहरण डॉलराचें नसून तांब्याच्या सेंटाचें आहे, पण टांकसाळ तीच, फिलाडेल्फियाची. तेथील भंगारांत काढलेले जुने ठसे बाहेरच्या लोकांच्या हातीं लागत. पुढें नाणीं जमविण्याचा छंद वाढला आणि १८०४ सालचा दुर्मिळ सेंट सर्वांस हवासा झाला, तेव्हां कोणींतरी १८०३ चा एक जुनाट ठसा घेतला, त्याचा शेवटचा आंकडा फिरवून चार केला, पाठीमागें १८२० चा ठसा जोडला आणि १८६० च्या सुमारास टांकसाळीबाहेर ‘१८०४’ चे सेंट पाडले. आंकडा फिरवितां आला, पण दरम्यानच्या अर्धशतकांत पोलादावर जें साठलें होतें, तें झाकतां आलें नाहीं. त्या सेंटांच्या अंगावर सर्वत्र गंजाचे उंचवटे आहेत. १८०४ सालीं नव्या कोऱ्या ठशांतून निघालेल्या नाण्यावर ते असण्याचें कारणच नव्हतें.

बनावट डॉलर ओळखण्यास हीच विद्या उलट्या बाजूनें उपयोगी पडते. खोटें नाणें करणारा बहुधा एक खरें नाणें घेतो आणि त्यावरून साचा किंवा ठसा उतरवून घेतो. त्या खऱ्या नाण्यावर आयुष्यांत कधींतरी एखादा खळगा पडलेला असतो. साच्यांत तो उंचवटा होतो आणि पुढें प्रत्येक नकलेवर पुन्हां खळगा होऊन येतो. दोन डॉलर शेजारीं ठेवले आणि दोहोंवर एकाच जागीं, एकाच आकाराचा खळगा आढळला, तर निदान एक, आणि बहुशः दोन्ही, खोटे समजावे. कारण कीड पुनरुक्ति करीत नाहीं. ओतीव नकलांत तर हवेच्या बुडबुड्यांमुळें छिद्रें आणि पुटकुळ्या दोन्ही असतात. त्यांस ठशाचा गंज म्हणून खपविण्याचा प्रयत्न वारंवार होतो.

१८९३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें अवघे १,००,००० डॉलर निघाले. त्या वर्षाचा तेथील डॉलर आज फार मोठ्या किंमतीस जातो. ते सर्व दर्शनी बाजूच्या एकाच ठशानें पाडलेले होते. त्या ठशावर, देवतेच्या मुकुटावरील ‘लिबर्टी’ ह्या शब्दांतील ‘टी’ अक्षराच्या माथ्याशीं, एक बारीकसा तिरपा चरा पडलेला होता. तो प्रत्येक खऱ्या डॉलरावर उंच रेघ होऊन आला आहे. फिलाडेल्फियाच्या साध्या डॉलरावर मागील बाजूस ‘एस्’ हें अक्षर चिकटवून फसविणारे पुष्कळ झाले. परंतु त्यांच्या नाण्यावर ही रेघ नसते. ज्या कारागिराच्या हातून तो चरा पडला, त्याला त्या दिवशीं कदाचित् बोलणीं खावीं लागलीं असतील. त्याचा तो दोष आज हजारों रुपयांच्या व्यवहाराचा साक्षीदार होऊन बसला आहे.

पूर्वेकडे आलेल्या डॉलरांवर ह्याशिवाय तिसऱ्या प्रकारच्या खुणा दिसतात. १८७३ पासून अमेरिकेनें चीनशीं व्यापार करण्यासाठीं ४२० ग्रेनांचा मुद्दाम जड असा व्यापारी डॉलर काढला. चिनी व्यापारी परकी नाण्यावर सहजासहजीं विश्वास ठेवीत नसत. ते वाजवून, वजन करून, पसंत पडल्यास त्यावर आपल्या दुकानाची लहानशी खूण ठोकीत. त्या समुद्रकिनाऱ्यावर नाणीं पारखणाराला ‘श्रॉफ’ म्हणत. हा आपल्या ‘सराफ’ शब्दाचाच इंग्रजी अवतार होय. ह्या ठोकलेल्या खुणा खोल असतात, पण त्यांच्या कडा तीक्ष्ण व आकार ठरीव असतो, आणि दाबलेलें रुपें कडेला किंचित् वर आलेलें असतें. समुद्रानें खाल्लेल्या खळग्याला अशी कड नसते. मुंबईच्या टांकसाळींतहि १८९५ पासून असाच एक डॉलर निघूं लागला. हाँगकाँग व मलायाकडील व्यापारासाठीं तो होता. त्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी होती, मागें चिनी व मलायी अक्षरांत मूल्य होतें, आणि त्रिशूळाच्या मधल्या दांत्यावर मुंबईचें ‘बी’ हें इवलेंसें अक्षर होतें. ह्या डॉलरांवरहि चिनी दुकानांच्या खुणा सांपडतात.

मॉर्गनच्या डॉलरांचा आणि हिंदुस्थानचा संबंध मात्र याहून फार मोठा, आणि नाण्यांच्या दृष्टीनें घातक झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं येथें नोटांच्या बदल्यांत रुपये मागणारांची रीघ लागली आणि सरकारचा रुप्याचा सांठा संपत आला. एप्रिल १९१८ मध्यें अमेरिकेनें पिट्मन कायदा केला आणि त्याअन्वयें खजिन्यांतील सुमारें २७ कोटि डॉलर वितळविले. त्यांतील जवळजवळ २६ कोटि डॉलरांचें रुपें औंसास एक डॉलर ह्या दरानें ब्रिटनला विकलें गेलें आणि हिंदुस्थानास येऊन पोंचलें. एका डॉलरांतील शुद्ध रुपें ३७१.२५ ग्रेन आणि रुपयांतील १६५ ग्रेन, तेव्हां एका डॉलरापासून बरोबर सव्वादोन रुपये होत. गंजलेल्या ठशाचे असोत, कीं निर्दोष ठशाचे, सर्व एकाच भट्टींत गेले. कोणत्या सालाचे व कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर वितळले, ह्याची नोंद कोणीं ठेवली नाहीं. कायद्याप्रमाणें तितकेच डॉलर पुन्हां पाडणें प्राप्त होतें. १९२१ सालीं त्यास आरंभ झाला, तेव्हां मॉर्गनच्या आकृतीचे मूळ ठसे १९१० मध्येंच नष्ट केलेले आढळले. मॉर्गन अजून टांकसाळींतच होता. त्यानें ते नव्यानें तयार केले, आणि त्या एका वर्षांत तीन टांकसाळींतून ८ कोटि ६७ लक्षांहून अधिक डॉलर निघाले. त्यांचा उठाव जुन्या डॉलरांहून उथळ आहे.